भारतीय क्रिकेट संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्य प्रशिक्षकाचा करार संपत आला किंवा एखादी मालिका वाईट हरली, की निवडीविषयीचे तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. त्यांपैकी जे सर्वाधिक येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे प्रामुख्याने भारतीय पुरुष संघाला धरून आहेत. मात्र जेथे महिला संघाचे किंवा अन्य देशाचे उदाहरण अधिक बोलके आहे, तेथे ते घेतले आहे.

प्रशिक्षकाची निवड नेमकी कोण करते?

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची, म्हणजे बीसीसीआयची, क्रिकेट सल्लागार समिती. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची ही समिती निवडक उमेदवारांच्या मुलाखती घेते, नाव सुचवते आणि नियुक्तीची घोषणा मंडळ करते. मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशींनंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलेल्या मंडळाच्या घटनेत या समितीला स्थान मिळाले. पण समिती त्याआधीपासून होती. २०१५ मध्ये सचिन तेंडुलकर, सौरव गांगुली आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण या तिघांची समिती नेमली गेली आणि तिने २०१६ मध्ये अनिल कुंबळे यांची, तर २०१७ मध्ये रवी शास्त्री यांची निवड केली. २०१९ मध्ये कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या समितीने शास्त्री यांनाच कायम ठेवले. २०२१ मध्ये सुलक्षणा नाईक आणि आर. पी. सिंग यांनी राहुल द्रविड यांचे, आणि २०२४ मध्ये अशोक मल्होत्रा, जतीन परांजपे व सुलक्षणा नाईक यांनी गौतम गंभीर यांचे नाव एकमताने सुचवले.

समितीतील नावे दर वेळी बदललेली दिसतात, याचे एक कारण परस्परविरोधी हितसंबंधांचा नियम हे आहे. २०१९ मध्ये शास्त्री यांची फेरनिवड होऊन सहा-सात आठवडे होतात न होतात, तोच निवड करणाऱ्या तिन्ही सदस्यांना याच कारणावरून नोटीस आली आणि त्यांनी राजीनामे दिले. नियमामागचा हेतू योग्य आहे, यात शंका नाही. परंतु वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळलेला माणूस निवृत्तीनंतर समालोचन, आयपीएल, अकादमी किंवा राज्य संघटना यांपैकी कशाशीच संबंधित नाही, असे क्वचितच घडते. त्यामुळे प्रशिक्षक निवडण्याआधी प्रशिक्षक निवडणारी माणसे मिळवणे, हेच मंडळापुढचे पहिले अवघड काम होऊन बसले आहे.

ही पद्धत येण्यापूर्वी निवड कशी होत असे?

आजच्या तुलनेत बरीच सैलपणे. नव्वदच्या दशकात संघासोबत ‘क्रिकेट व्यवस्थापक’ असे आणि प्रशिक्षकाचे बरेचसे काम तोच पाहत असे. अजित वाडेकर यांनी १९९२ ते १९९६ या काळात ही जबाबदारी सांभाळली. त्यांच्याच काळात १९९३ मध्ये इंग्लंडला भारतात ३-० असे नमवले गेले. पुढे संदीप पाटील, मदनलाल, अंशुमन गायकवाड आणि कपिल देव अशी माजी खेळाडूंची मालिका झाली. २००० मध्ये न्यूझीलंडचे जॉन राइट आले आणि ते भारतीय संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक ठरले.

राइट यांच्यानंतर २००५ मध्ये ग्रेग चॅपेल निवडले गेले. २००७ च्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाल्यावर चॅपेल यांनी पद सोडले. मंडळाने दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅहम फोर्ड यांची निवड केली, पण त्यांनी नकार दिला. ऐन वेळी ज्येष्ठ माजी खेळाडू चंदू बोर्डे यांना व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला पाठवावे लागले आणि त्या दौऱ्यात राहुल द्रविड यांच्या नेतृत्वाखालील संघाने कसोटी मालिका जिंकली. त्याच वर्षी लालचंद राजपूत यांच्या देखरेखीखाली संघाने पहिला ट्वेंटी-२० विश्वचषकही जिंकला. पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक नसताना मिळालेली ही दोन यशे प्रशिक्षकाच्या महत्त्वाविषयी बोलणाऱ्यांनी अधूनमधून आठवावीत.

गॅरी कर्स्टन यांच्या निवडीची हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. त्यांनी अर्ज केलेला नव्हता; सुनील गावसकर यांच्याकडून विचारणा झाली, म्हणून ते आले. मुलाखतीला कोणतीही तयारी न करता ते बसले, आणि सात मिनिटांत नोकरी त्यांची झाली होती. मग कराराचा कागद समोर आला, तर त्यावर आधीच्या प्रशिक्षकाचे, म्हणजे चॅपेल यांचे, नाव तसेच होते. सात मिनिटांत निवडलेल्या या प्रशिक्षकाच्या काळात भारत कसोटी क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचला आणि २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वविजेता झाला. चांगली पद्धत असली तरच चांगला माणूस सापडतो, असे या उदाहरणावरून म्हणता येत नाही; पण दर वेळी नशीब इतके उदार असत नाही, हेही तितकेच खरे.

अर्जासाठी कोणत्या अटी असतात?

२०२४ च्या जाहिरातीत किमान ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामने खेळलेले असावेत. किंवा कसोटी खेळणाऱ्या पूर्ण सदस्य देशाच्या मुख्य प्रशिक्षकपदाचा किमान दोन वर्षांचा अनुभव असावा. किंवा सहयोगी सदस्य देश, आयपीएल वा तत्सम लीगमधील संघ, प्रथम श्रेणी संघ किंवा राष्ट्रीय ‘अ’ संघ यांच्या मुख्य प्रशिक्षकपदाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा. किंवा मंडळाचे लेव्हल-३ अथवा समकक्ष प्रमाणपत्र असावे, असे म्हटले होते. वय ६० पेक्षा कमी हवे होते.

या अटींमध्ये ‘किंवा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे आणि चर्चेत तोच हरवतो. भरपूर आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या व्यक्तीला प्रशिक्षणाचा कोणताही अनुभव नसला, तरी ती पात्र ठरते. गंभीर यांची निवड झाली तेव्हा त्यांनी आयपीएलमध्ये लखनौ आणि कोलकाता या संघांचे मार्गदर्शक म्हणून काम केले होते, कोलकात्याने त्याच वर्षी विजेतेपदही मिळवले होते. परंतु कोणत्याही वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी भूषवलेले नव्हते. नियमाच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते. अट पुरेशी आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि मला ती अपुरी वाटते.

उत्तम खेळाडूच उत्तम प्रशिक्षक होतो का?

या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीने केव्हाच दिलेले आहे. ऑस्ट्रेलियाला २००३ आणि २००७ असे सलग दोन विश्वचषक जिंकून देताना प्रशिक्षक असलेले जॉन बुकॅनन एकही कसोटी खेळले नव्हते. त्यांच्या नावावर जेमतेम सात प्रथम श्रेणी सामने होते. २०१९ मध्ये इंग्लंडने पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हाचे प्रशिक्षक ट्रेव्हर बेलिस कधीही आंतरराष्ट्रीय सामना खेळले नाहीत. न्यूझीलंडला २०१५ च्या अंतिम फेरीत नेणारे माइक हेसन तर प्रथम श्रेणी क्रिकेटही खेळलेले नाहीत. भारताचे माजी प्रशिक्षक डंकन फ्लेचर यांनी १९८३ च्या विश्वचषकात झिम्बाब्वेचे नेतृत्व करून ऑस्ट्रेलियाला हरवले होते, पण कसोटी त्यांच्याही वाट्याला आली नाही.

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण महिला संघाचे आहे. १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. ती चालू असताना पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता आणि बसूनच राहिला, ही गोष्ट मुंबईच्या मैदानांवर आजही सांगितली जाते. तो मुलगा म्हणजे अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०, कारकिर्दीत ११,१६७ प्रथम श्रेणी धावा आणि ३० शतके, तरीही भारताची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. पुरुष संघाच्या जाहिरातीतील ‘३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय’ हा निकष त्यांना लावला असता, तर त्यांच्यापुढे शून्य लिहावे लागले असते.

याचा अर्थ मोठी कारकीर्द निरुपयोगी असते, असा मुळीच नाही. भारतीय ड्रेसिंग रूममध्ये लाखो लोक ज्यांच्या नावाचा जयघोष करतात असे खेळाडू बसलेले असतात, आणि त्यांच्यापैकी एखाद्याला ‘तुझा पाय पुढे जात नाही’ असे सांगायचे, तर सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन लागते. मोठ्या खेळाडूला ते वजन पहिल्या दिवशी आयते मिळते, तर इतरांना ते काही महिन्यांत कमवावे लागते. मात्र हा लाभ सुरुवातीचा आहे. सहा महिन्यांनी खेळाडू हेच पाहतात, की हा माणूस आपल्याला उपयोगाचे काही सांगतो की नाही.

कर्णधाराचे मत विचारात घ्यावे का?

सर्वाधिक वादाचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो. फुटबॉलमध्ये व्यवस्थापक संघ निवडतो, डावपेच ठरवतो, खेळाडू बदलतो. क्रिकेटमध्ये मात्र गोलंदाजी कोणाला द्यायची, क्षेत्ररक्षण कसे लावायचे, डाव कधी घोषित करायचा, हे सर्व दोरीच्या आतल्या माणसाच्या हाती असते आणि प्रशिक्षक दोरीच्या बाहेर बसून पाहतो. म्हणून या दोघांचे जमले नाही, तर प्रशिक्षक कितीही जाणकार असला तरी त्याचे ज्ञान मैदानापर्यंत पोहोचतच नाही.

कुंबळे यांचे उदाहरण यासाठीच अभ्यासण्यासारखे आहे. त्यांच्या एका वर्षात भारताने वेस्ट इंडिज, न्यूझीलंड, इंग्लंड, बांगलादेश आणि ऑस्ट्रेलिया अशा पाच कसोटी मालिका जिंकल्या आणि २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाची अंतिम फेरी गाठली. तरीही अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी, २० जून रोजी, त्यांनी राजीनामा दिला. कर्णधार विराट कोहली यांना कुंबळे यांच्या कार्यशैलीबद्दल आक्षेप असल्याचे आदल्या दिवशी मंडळाकडून प्रथमच समजले, आणि ही भागीदारी पुढे चालणे शक्य नाही, असे त्यांनी निवेदनात स्पष्ट केले. निकालांत दोष नव्हता, अनुभवात नव्हता, निवड करणाऱ्या तिघांच्या योग्यतेत तर नव्हताच. नेमणुकीच्या वेळी विचारायला हवा होता असा प्रश्न वर्षभराने विचारला गेला, एवढेच झाले.

त्याआधीचे चॅपेल-गांगुली प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर २००५ मध्ये कर्णधार गांगुली यांच्याविषयी मंडळाला लिहिलेला प्रशिक्षक चॅपेल यांचा ईमेल वृत्तपत्रांत पोहोचला आणि त्यानंतर संघात विश्वास असा उरला नाही. हा केवळ आपल्याकडचा रोग आहे, असे मात्र कोणी समजू नये. जानेवारी २००९ मध्ये इंग्लंडचे प्रशिक्षक पीटर मूर्स आणि कर्णधार केविन पीटरसन यांचे इतके बिनसले की एकाच दिवशी दोघांचीही पदे गेली. त्यांच्या जागी आलेले अँडी फ्लॉवर हे मूर्स यांचेच सहायक होते. त्यांनी अँड्र्यू स्ट्रॉस यांच्यासोबत पुढे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दोन अ‍ॅशेस मालिका जिंकल्या. खेळाडू बहुतांशी तेच होते.

मग कर्णधारालाच प्रशिक्षक निवडू द्यावा का? तसेही नाही. २०१९ मध्ये विराट कोहली यांनी शास्त्री कायम राहिल्यास संघाला आनंद होईल असे जाहीरपणे सांगितले, आणि समितीने कर्णधाराचे मत घेतले नसल्याचे कपिल देव यांना निवडीनंतर पत्रकारांसमोर सांगावे लागले. निवड शास्त्री यांचीच झाल्याने त्या खुलाशाचा फारसा उपयोग झाला नाही. माझ्या मते कर्णधाराशी बोलणे समितीने अधिकृतपणे, मुलाखतींच्या आधी आणि बंद दाराआड करावे. त्याला नाव विचारू नये. कोणत्या प्रकारच्या माणसासोबत काम करणे त्याला जमते आणि कोणत्या गोष्टीवर तो कधीच तडजोड करणार नाही, हे विचारावे आणि तेच प्रश्न उमेदवारालाही विचारावेत. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली, की अर्धी निवड तेथेच होते.

मुलाखतीत काय पाहिले जाते?

२०१९ च्या समितीने आपले पाच निकष जाहीर केले होते: प्रशिक्षणामागचा विचार, अनुभव, प्रशिक्षक म्हणून कामगिरी, संवादकौशल्य आणि आधुनिक प्रशिक्षण-साधनांची जाण. प्रत्येक सदस्याने स्वतंत्रपणे गुण दिले आणि शास्त्री, हेसन व टॉम मूडी असा क्रम लागला. गुण देण्याची पद्धत पूर्वीपेक्षा निश्चितच बरी आहे. अडचण अशी, की हे पाचही निकष उमेदवाराविषयी आहेत. ज्या संघाकडे त्याला पाठवायचे, त्याविषयी त्यांत काहीच नाही. तरुण खेळाडूंचा नवा संघ बांधायचा आहे की कारकिर्दीच्या शेवटच्या दोन वर्षांत पोहोचलेल्या मातब्बरांना एकदा विश्वचषक जिंकून द्यायचा आहे, यावर हवा असलेला माणूस बदलतो. हे काम कोणते, ते आधी लिहून काढल्याशिवाय गुणपत्रिका किती अचूक आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

उमेदवार सादरीकरणात काय दाखवतो त्यापेक्षा, कोणत्या खेळाडूला संघाबाहेर ठेवल्याचे त्याने स्वतः जाऊन कसे सांगितले, हे विचारल्यावर तो किती वेळ गप्प बसतो, ते मी पाहीन. मुख्य प्रशिक्षकाचे खरे काम आज तिथे आहे. सरावाच्या वेळी नेट्समध्ये बघा: साइडआर्म या लांब दांड्याच्या साधनाने चेंडू फेकणारे वेगळे, फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक वेगळे, फिजिओ वेगळा, लॅपटॉप उघडून बसलेला विश्लेषक वेगळा. मुख्य प्रशिक्षक बहुधा जाळीच्या मागे हाताची घडी घालून उभा असतो आणि मधूनच एखाद्याला बाजूला घेऊन पाच मिनिटे बोलतो. त्या पाच मिनिटांसाठी त्याला नेमलेले असते.

परदेशी प्रशिक्षक हवा की भारतीय?

राइट आणि कर्स्टन परदेशी होते, चॅपेलही परदेशीच होते. यावरून पासपोर्ट पाहून काही ठरवता येत नाही, एवढे स्पष्ट व्हावे. राइट आणि कर्स्टन यांच्यात एक साम्य मात्र होते, ते म्हणजे दोघेही प्रसिद्धीपासून दूर राहिले. विजयाच्या छायाचित्रात ते कडेला असत. २०१५ मध्ये फ्लेचर यांचा करार संपल्यापासून पुरुष संघाला भारतीय प्रशिक्षकच लाभले आहेत. याचे मोठे कारण असे, की ‘अ’ संघ, १९ वर्षांखालील संघ आणि आयपीएल यांतून आता अनुभवी भारतीय प्रशिक्षक तयार होऊ लागले आहेत. द्रविड आले तेव्हा त्यांनी ‘अ’ आणि १९ वर्षांखालील संघांत घडवलेली मुलेच वरिष्ठ संघात होती.

तिन्ही प्रकारांसाठी एकच प्रशिक्षक असावा का?

इंग्लंडने २०२२ मध्ये कसोटीसाठी ब्रेंडन मॅकलम आणि मर्यादित षटकांसाठी मॅथ्यू मॉट अशी विभागणी केली. २०२५ पासून दोन्ही पदे पुन्हा मॅकलम यांच्याकडे आली. दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये शुक्री कॉनराड आणि रॉब वॉल्टर असे दोघे नेमले. २०२५ मध्ये तेथेही सर्व सूत्रे कॉनराड यांच्याकडे गेली. पाकिस्तानने एप्रिल २०२४ मध्ये जेसन गिलेस्पी आणि कर्स्टन यांना नेमले, आणि वर्ष संपण्याआधी दोघेही बाहेर पडले होते.

विभागणी कागदावर सोपी वाटते, कारण वेळापत्रक खरोखरच एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आहे. अडचण येते ती तिन्ही प्रकार खेळणाऱ्या चार-पाच खेळाडूंची. दमलेल्या वेगवान गोलंदाजाला विश्रांती कोणत्या मालिकेत द्यायची, यावर दोन प्रशिक्षकांची मते कधीच एक होत नाहीत, कारण प्रत्येकाला तो आपल्याच मालिकेत ताजातवाना हवा असतो. भारताने आजवर एकच प्रशिक्षक ठेवून छोट्या दौऱ्यांवर दुसऱ्याला पाठवण्याचा मार्ग स्वीकारला आहे. २०२१ मध्ये शास्त्री इंग्लंडमध्ये असताना द्रविड श्रीलंकेला गेले होते; २०२४ मध्ये झिम्बाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेतील ट्वेंटी-२० मालिकांना लक्ष्मण गेले. तूर्त हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

संघनिवडीत प्रशिक्षकाला मत असते का?

भारतात वरिष्ठ निवड समिती स्वतंत्र आहे आणि प्रशिक्षक तिचा सदस्य नसतो. त्याचे म्हणणे ऐकले जाते. मत मात्र निवडकर्त्यांचे. अंतिम अकरा ठरवताना कर्णधार आणि प्रशिक्षक यांचा शब्द चालतो. पराभवानंतर प्रशिक्षकावर तुटून पडताना ही विभागणी लक्षात ठेवलेली बरी.

सहायक प्रशिक्षक कोण निवडते?

व्यवहारात यावरून वरचेवर ओढाताण झाली आहे. २०१७ मध्ये सल्लागार समितीने शास्त्री यांच्यासोबत झहीर खान यांचे नाव गोलंदाजीसाठी आणि द्रविड यांचे परदेश दौऱ्यांतील फलंदाजीसाठी सुचवले होते. प्रत्यक्षात शास्त्री यांच्या पसंतीचे भरत अरुण गोलंदाजी प्रशिक्षक झाले. २०१९ मध्ये सहायकांची निवड राष्ट्रीय निवड समितीकडे गेली आणि विक्रम राठोड फलंदाजी प्रशिक्षक झाले. २०२४ मध्ये गंभीर यांच्यासोबत अभिषेक नायर, रायन टेन डोशाटे आणि मॉर्नी मॉर्कल आले. हे तिघेही कधी ना कधी आयपीएलमध्ये त्यांच्या सोबत होते. जबाबदारी ज्याची, सहकारी त्याच्या पसंतीचे, हे तत्त्व मला मान्य आहे. फक्त सर्वच सहकारी एकाच विचाराचे असले, तर ‘साहेब, हे चुकतेय’ असे म्हणणारा खोलीत कोणी उरत नाही.

एवढे मोठे पद असूनही नामवंत नकार का देतात?

वर्षातील बहुतेक महिने घराबाहेर काढावे लागतात, आणि हे पद सांभाळताना आयपीएलमध्ये काम करता येत नाही. २०२४ मध्ये रिकी पाँटिंग यांनी आपल्याकडे चाचपणी झाल्याचे सांगून हीच कारणे दिली. मंडळाचे तत्कालीन सचिव जय शाह यांनी मात्र कोणत्याही माजी ऑस्ट्रेलियन खेळाडूला विचारणा केली नसल्याचे म्हटले. दोन महिन्यांच्या आयपीएलमध्ये भरपूर पैसा मिळत असेल आणि उरलेले दहा महिने घरी राहता येत असेल, तर मुले शाळेत जाणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाने काय निवडावे, हे सांगायला नको. जाहिरातीत वेतनाचा आकडा नसतो. ते अनुभवानुसार चर्चेने ठरते.

कार्यकाळ किती असतो?

तो बहुधा विश्वचषकाच्या हिशेबाने ठरवतात. २०२४ च्या जाहिरातीत १ जुलै २०२४ ते ३१ डिसेंबर २०२७ असा साडेतीन वर्षांचा काळ होता, म्हणजे २०२७ चा एकदिवसीय विश्वचषक त्यात बसतो. द्रविड यांचा करार २०२३ च्या विश्वचषकापर्यंत होता. १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत अंतिम सामना हरल्यावर तो वाढवला गेला आणि २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये सात धावांनी ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकून त्यांनी निरोप घेतला. अहमदाबादच्या रात्री करार संपवला असता, तर त्यांची नोंद अगदी वेगळी झाली असती.

निवड चुकली, हे केव्हा म्हणता येते?

लोक समजतात त्यापेक्षा बरेच उशिरा. गंभीर यांच्या पहिल्या वर्षात न्यूझीलंडने भारताला भारतात ३-० असे हरवले, ऑस्ट्रेलियात बोर्डर-गावसकर करंडक १-३ असा गेला, आणि त्यानंतर दोन महिन्यांत, ९ मार्च २०२५ रोजी, दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकला. यातला कोणताही एक निकाल उचलून निवड योग्य किंवा अयोग्य ठरवता येते, आणि तसे ठरवणारे प्रत्येक बाजूला होते. कसोटी संघाची घडी बसायला दोन-अडीच वर्षे लागतात, तर ट्वेंटी-२० मध्ये एका षटकात सगळे फिरते. म्हणून निकालांइतकेच, गेल्या दोन वर्षांत संघात आलेला तरुण खेळाडू आज आला तेव्हापेक्षा बरा खेळतो का, हे पाहावे.

कोणीही अर्ज करू शकतो का?

ऑनलाइन अर्ज कोणालाही भरता येतो आणि त्याचा गैरफायदा घेतला जातो. २०२४ मध्ये राजकीय नेते आणि नामवंत माजी खेळाडू यांच्या नावाने बनावट अर्जांचा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या. गंभीर यांच्याखेरीज प्रत्यक्ष मुलाखत झाली ती डब्ल्यू. व्ही. रामन यांची.

ज्यांना नाकारले जाते, त्यांचे पुढे काय होते?

कधीकधी ते समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये भेटतात. २००५ मध्ये चॅपेल यांच्यासोबत शर्यतीत असलेले टॉम मूडी भारताला नको झाल्यावर श्रीलंकेचे प्रशिक्षक झाले. २३ मार्च २००७ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला श्रीलंकेनेच भारताला ६९ धावांनी हरवून विश्वचषकातून जवळपास बाहेर काढले आणि स्वतः अंतिम फेरी गाठली. मूडी यांनी २०१७ आणि २०१९ मध्ये पुन्हा मुलाखत दिली. लालचंद राजपूत यांनाही नकार मिळाला. अफगाणिस्तानला २०१७ मध्ये कसोटी दर्जा मिळाला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक ते होते. २०१६ मध्ये डावलले गेलेले शास्त्री वर्षभरात परतले आणि चार वर्षे राहिले. २०१९ मध्ये दुसरे आलेले हेसन मे २०२५ मध्ये पाकिस्तानच्या मर्यादित षटकांच्या संघाचे प्रशिक्षक झाले. चार महिन्यांनी, २८ सप्टेंबरला, दुबईत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात ते एका बाजूला बसले होते आणि गंभीर दुसऱ्या. तो सामना भारताने पाच गडी राखून जिंकला.